पायाखालचे तेल

जुन्या अवजड ट्रकच्या ब्रेकमध्ये डोळ्यांनी पाहण्याजोगे फारसे काही नसते. चालक पेडल दाबतो. मास्टर सिलिंडरमधील तेल तो दाब बारीक नळ्यांतून चाकांपर्यंत नेते. तेथे ब्रेक शू फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासून त्याला थोपवतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम ब्लेझ पास्कल यांचा. त्यांच्या निधनानंतर, १६६३ साली, तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. होय, धर्मचिंतक म्हणून आपल्याला परिचित असलेले तेच हे पास्कल! कित्येक टनांचा भार असा बाटलीभर तेलाच्या भरवशावर घाट उतरत असतो.

आम्ही भावंडांनी १९९१ साली एक जुना ट्रक विकत घेतला, तेव्हा ही विद्या आम्हाला शिकणे भागच पडले. आमच्या चालकांना सारे घर मामा म्हणत असे. मामांचे म्हणणे असे की, हत्यार हाती घेण्यापूर्वी पायाला विचारावे. पेडल स्पंजासारखे मऊ लागले, तर नळीत हवा शिरली आहे. पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वर आले, तर शू आणि ड्रम यांत अंतर वाढले आहे. पाय तसाच रोवून ठेवला असता ते हळूहळू खाली बसू लागले, तर कुठेतरी गळती आहे. आणि टाकीतले तेल कमी होत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर आतल्या आत दाब सोडतो आहे. पेडल दगडासारखे कठीण असून गाडी मात्र थांबत नसेल, तर बूस्टर किंवा गुळगुळीत झालेले लायनर तपासावेत.

परंतु सर्वांत कपटी दोष कारखान्यात दिसतच नाही. त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर मामा नाशिकहून कांदा घेऊन येत होते. कसारा घाट उतरताना अखेरच्या वळणांवर पेडल फळीला टेकले. खालचा गिअर आणि हातब्रेक यांच्या आधारे त्यांनी गाडी कशीबशी थांबवली. अर्ध्या तासाने ब्रेक पूर्ववत लागू लागला! दुसऱ्या दिवशी एका मिस्त्रींनी तपासले आणि हसून म्हटले, “मामा, गाडीला काही झालेले नाही, पाय थकला असेल तुमचा.” मामा काही बोलले नाहीत. इकडे व्यापाऱ्याचे निरोपावर निरोप येत होते. पुढचा माल भरून तयार होता आणि बँकेचा हप्ताही तोंडावर आला होता. आम्ही भावंडांनी रात्री बसून विचार केला. तीस वर्षे गाडी हाकणाऱ्या माणसाच्या पायावर विश्वास ठेवायचा, की एका तपासणीवर? फेरी रद्द झाली. भाडे बुडाले, व्यापारीही तुटला.

सकाळी रिकामा ट्रक थोडा फिरवून आणला आणि ड्रमवर पाणी शिंपडले. पुढच्या चाकांवर ते नुसते ओघळले. मागच्या दोन्ही चाकांवर चरचरून उडाले. म्हणजे मागचा ब्रेक सुटतच नव्हता. पुढच्या चाकांना ठोकळे लावून मागचा भाग जॅकवर उचलला. चाके हाताने फिरेनात. मागच्या होज पाइपच्या अलीकडचा जोड सैल केला, तरी ती तशीच जखडलेली. मग चाकाजवळचा निपल उघडला, तेव्हा तेलाची चिळकांडी उडाली आणि चाके मोकळी झाली. होज पाइप आतून फुगला होता. तेल जाऊ देई, परतू देत नसे. वरून पाइप अगदी धडधाकट दिसत होता.

निपलमधून आलेले तेल काळपट होते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांच्या आसपास उतरते. घासणाऱ्या शूंची उष्णता, त्यात घाटाची, तेल उकळले. वाफ दबते, तेल दबत नाही. म्हणून पेडल खाली गेले आणि निवल्यावर वर आले. मामांचा पाय थकलेला नव्हता.

होज, सारे रबरी वॉशर आणि तेल बदलले. ड्रम उघडल्यावर आतली धूळ मामांनी ओल्या फडक्याने टिपली, फुंकर मारू दिली नाही. त्या काळच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. नव्या तेलाचा एक थेंबही त्यांनी पाण्यात टाकून पाहिला. तो पाण्यात मिसळला. इंजिनाचे तेल असते तर तरंगले असते, आणि तसले तेल वॉशर फुगवून टाकते. मग हवा काढणे. एकजण पेडलवर, एकजण गाडीखाली: “दाब... धर... सोड!” निपल मिटण्यापूर्वी वरच्याने पाय उचलला की हवा पुन्हा आत. सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करून चारही चाके होईपर्यंत दुपार टळली.

आता अवजड ट्रकांना बहुधा हवेचे ब्रेक असतात. आमचा ट्रकही केव्हाच मोडीत गेला. त्या दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीत मामांनी कसाऱ्याच्या पायथ्याशी गाडी उभी केली, पेडल तीनदा दाबून पाहिले आणि खाली उतरून चहा मागवला. आमच्यापैकी जो शेजारी बसला होता, त्याला ते म्हणाले, “बाळ, आता व्यापाऱ्याला निरोप धाडा.”