इंग्लंडच्या बाजारगावात : नांगर, पेंढी आणि अस्वल

दारू म्हटले की आपल्या घरातल्या बायामाणसांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. गुत्त्याने किती संसार धुळीला मिळवले हे गावोगाव ठाऊक आहे. तेव्हा आधीच सांगतो, ही पिण्याची भलामण नव्हे. पण इंग्लंडातले शेतकऱ्यांचे गाव पाहायचे तर चर्च, बाजार आणि पब या तीन जागा पाहाव्याच लागतात. पबातल्या पेल्यात जे असते तेही शेवटी शेतातूनच आलेले असते : जव, म्हणजे आपले सातू, आणि हॉप नावाच्या वेलाची फुले. म्हणून म्हणतो, शेतीवाल्यांनी एकदा ही सहल करावी, निदान मनाने तरी.

ती आगगाडीनेच करावी. इंग्लंडात १९६७ साली मोटार चालवणाऱ्याचा श्वास तपासण्याचा कायदा आला आणि पिऊन गाडी हाकणाऱ्यांना चाप बसला. तेव्हापासून शहाणा माणूस पबाला जाताना मोटार घरी ठेवतो. जुन्या बाजारगावांचे नशीब असे, की बाजाराचा माल नेण्यासाठी रेल्वे तिथे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच पोहोचली आहे. स्टेशनावर उतरले की पाच-दहा मिनिटांत पेठेत.

लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवर फॅवरशॅमची गाडी पकडा. तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. हा केंट परगणा. इंग्रज त्याला आपल्या देशाची बाग म्हणतात. खिडकीतून सफरचंदाच्या आणि चेरीच्या बागा दिसतात. मधूनच विटांचा गोल बुटका मनोरा आणि त्यावर तिरकी पांढरी टोपी दिसली, तर ते देऊळ समजू नका. ती हॉप वाळवायची भट्टी. टोपी वाऱ्याबरोबर फिरे आणि आतली वाफ बाहेर जाई. आता बहुतेक भट्ट्यांत माणसे राहतात, आणि अशा घरांना भावही चांगला येतो.

हॉपचा मळा पाहाल तर तुम्हांला पानमळ्याची किंवा द्राक्षाच्या मांडवाची आठवण होईल. उंच खांब, त्यांवर तारा, तारांवरून जमिनीपर्यंत सोडलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर चढलेले वेल. हिवाळ्यात वरचे सगळे वाळून जाते, मूळ मात्र जमिनीत टिकते आणि वसंतात पुन्हा फुटते. मादी वेलाला हिरवी शंकूसारखी फुले येतात. त्यांनी बिअरला कडवटपणा येतो आणि ती लवकर नासत नाही. कंपनी सरकारच्या काळात मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या लोकांसाठी जहाजांतून जी बिअर येई, तिच्यात हॉप मुद्दाम जास्त घालत. त्या जातीच्या बिअरला अजून 'इंडिया पेल एल' म्हणतात.

सप्टेंबरात तोडणी. पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतली कुटुंबेच्या कुटुंबे पोराबाळांसह तोडणीला येत आणि मळ्यावरच्या झोपड्यांत राहत. आपल्या ऊसतोडीसारखेच म्हणा, फक्त हंगाम तीन-चार आठवड्यांचा. त्या बायकांना ती मजुरीही होती आणि धुराड्यांच्या शहरातून सुटकाही होती. १९६० नंतर यंत्रे आली आणि ही जत्रा मोडली. फॅवरशॅममध्ये तिच्या आठवणीने सप्टेंबरच्या सुरुवातीला हॉपचा उत्सव भरतो.

आता हिशेब ऐका. १८७८ साली इंग्लंडात सुमारे ७२,००० एकर हॉप होता. आज तो दोन हजार एकरांच्या आसपास आला आहे. रोग पडले, परदेशी माल आला, लोक हलकी, थंड, कमी हॉपची लागर बिअर पिऊ लागले. १९३२ पासून हॉप उत्पादकांचे एक बोर्ड होते, सगळा माल त्याच्यामार्फत विकला जाई आणि भाव सांभाळला जाई. युरोपच्या सामाईक बाजाराच्या नियमांत ते बसेना, १९८२ साली ते गेले. उतार आधीच लागला होता हे खरे, पण माल ज्याचा त्याने विकायचा झाल्यावर लहान शेतकऱ्याचे काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

फॅवरशॅमच्या पेठेत लाकडी खांबांवर उभी असलेली एक इमारत आहे. १५७४ साली ती बाजारासाठी बांधली, नंतर वर गावसभा बसू लागली. खालच्या मोकळ्या जागेत आणि भोवती आजही बाजार भरतो. वाऱ्यावर एक गोडसर, भाजक्या धान्याचा वास येईल. तो शेफर्ड नीम या बिअर कारखान्याचा. आपली स्थापना ते १६९८ ची सांगतात. (आपल्याकडच्या 'किंगफिशर'ची ब्रिटनमधली बिअरही काही वर्षे इथेच बनत असे.) चौकातच 'बेअर इन', म्हणजे अस्वलाची खाणावळ. आत जा. लाकडी भिंती, लहान लहान खोल्या, आणि गल्ल्यावर उभे दांडे.

हे दांडे म्हणजे हातपंप. इंग्रज ज्याला 'रिअल एल' म्हणतात, ती खरी बिअर तळघरातून या पंपाने ओढतात. ती समजायची तर आपले विरजण आठवा. जवाला मोड आणतात, वाळवतात, भरडतात, गरम पाण्यात गोडवा काढतात, हॉप घालून उकळतात, निववून यीस्ट घालतात. चोथा जातो गुरांना. एवढ्यावर पिंपात भरली तरी यीस्ट जिवंतच असते आणि पिंपात पुन्हा आंबत राहते. पंपाला बाहेरचा वायू लागत नाही. तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवावे लागते. नेहमीचे पिंप ९ गॅलनचे, म्हणजे ७२ पाइंट, आणि पाइंट ५६८ मिलिलिटरचा. एकदा पिंप फोडले की तीनेक दिवसांत संपले पाहिजे, नाही तर ताकासारखे आंबटढाण. ज्या पबात गिऱ्हाईक नाही तिथे ही बिअर ठेवताच येत नाही. शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावे, कारण ती निवळायला पुष्कळ ठिकाणी माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ घालतात.

१९६० च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी ही कटकट नको म्हणून बिअर गाळून, तापवून, वायू भरून विकायला सुरुवात केली. खराब होत नाही, सगळीकडे सारखी, आणि चवीला तशीच सपक. १९७१ साली चार तरुणांनी तिच्याविरुद्ध चळवळ उभी केली. लोकांनी हसून नेले, पण चळवळ वाढली आणि जुनी बिअर वाचली. तुम्ही चव पाहिलीत तर बहुधा तोंड वाकडे कराल. ती थंडगार नसते आणि कडू असते.

दुसरे गाव सफोक परगण्यातले, बेरी सेंट एडमंड्स. लंडनहून इप्सविचला गाडी बदलावी. गाव जवळ आले की उंच कोठ्या आणि वाफेचे लोट दिसतात. तो साखर कारखाना, १९२५ सालचा. ऊस नव्हे, बीट. गळीत हंगाम त्यांचाही शरद आणि हिवाळ्यात. देशात बीट घेणारी कंपनी एकच, त्यामुळे दराची बोलणी शेतकऱ्यांच्या संघटनेमार्फत होतात आणि त्यात तणातणीही होते. बुधवारी आणि शनिवारी इथे आठवडेबाजार. गुरांचा बाजार मात्र उठला, त्या जागी २००९ साली चकचकीत दुकाने आली. १८६२ सालच्या धान्यबाजाराच्या देखण्या इमारतीत वरच्या मजल्यावर आता पब आहे. दाणा जिथे मुठीत घेऊन पारखत, तिथे टेबले मांडली आहेत. जवळच 'नटशेल' नावाचा १५ फूट बाय ७ फुटांचा पब. आपल्या पानपट्टीपेक्षा थोडा मोठा, आणि त्याची कीर्ती देशभर.

याच पूर्वेकडच्या भागात 'मारिस ऑटर' नावाचा जव पिकतो. १९६५ साली आलेले हे वाण पुढे अधिक उताऱ्याच्या वाणांपुढे मागे पडले आणि १९८९ मध्ये शिफारशीच्या यादीतूनही गेले. पण जुन्या चवीच्या बिअर करणाऱ्यांना तेच हवे होते. दोन धान्य-व्यापाऱ्यांनी निवड करून त्याचे शुद्ध बी राखले, आणि आज कमी उतारा देऊनही त्याला जास्त भाव मिळतो.

पबांच्या पाट्या अवश्य पाहा. गिऱ्हाइकाला अक्षरओळख नसे म्हणून चित्रे. नांगर, गव्हाची पेंढी, लोकरीचा गठ्ठा. जेवणात 'नांगऱ्याचे जेवण' मागा : पाव, चीज, मुरवलेला कांदा आणि चटणी. चटणी हा शब्द आपल्याच देशातून तिकडे गेला. नाव मात्र वाटते तितके जुने नाही. १९५० नंतर चीज विकणाऱ्यांनीच ते गाजवले. पदार्थ खोटा नव्हे, आपल्या भाकरी-कांद्याचा तो भाऊच आहे.

भगिनींनी एक लक्षात घ्यावे. बाईला गल्ल्यापाशी उभे राहून पेय मागण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असा निकाल इंग्लंडच्या अपील न्यायालयाने दिला तो १९८२ साली. आज पबात आईबाप मुलांसह जेवायला येतात, चहा-कॉफी मिळते, न पिणाऱ्याला कोणी टोकत नाही. तरी पिण्याने मोडलेली घरे तिथेही आहेत.

पब मात्र भराभर बंद होत आहेत. १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सुमारे ७०,००० होते, आता ४५,००० च्या आसपास राहिले. दुकानातली बिअर स्वस्त पडते. खेड्यातला पब बंद होतो तेव्हा बहुधा दुकान आणि टपालघर आधीच गेलेले असते, आणि म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर बसायला जागा उरत नाही. म्हणून २०११ च्या कायद्याने गावकऱ्यांना असा पब गावाच्या उपयोगाची मालमत्ता म्हणून नोंदवता येतो. तो विक्रीला निघाला तर पैसे जमवायला मुदतही मिळते. त्याआधीच, २००३ साली, उत्तरेकडच्या हेस्केट न्यूमार्केट या लहानशा गावात शंभराहून अधिक लोकांनी सहकारी संस्था काढून 'ओल्ड क्राऊन' हा आपला पब विकत घेतला. देशातला असा तो पहिला. तिथे मात्र रेल्वे जात नाही. पेनरिथला उतरून पुढे मोटारीनेच जावे लागते, तेव्हा चालवणाऱ्याने चहा घ्यावा.