काचपट्टीवर न लिहिलेली वेळ

रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढायला मी शिकलो तो बेडकावर. दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो एका दमात पसरायचा. हात थबकला की पेशी ढिगाने साचतात. वाळल्यावर लिशमनचा रंग. बेडकाच्या तांबड्या पेशी लांबट आणि केंद्रक असलेल्या. नवखा विद्यार्थी त्यांतच गुंततो. आपल्याला हव्या असतात पांढऱ्या. शंभर मोजायच्या, त्यांत न्यूट्रोफिल किती आणि लिम्फोसाइट किती ते मांडायचं.

या गुणोत्तरावरून बेडकावरचा ताण ओळखतात. माणसात जे काम कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक करतं ते बेडकात मुख्यतः कॉर्टिकोस्टेरॉन करतं. ते वाढलं की लिम्फोसाइट रक्त सोडून ऊतींकडे जातात आणि रक्तात न्यूट्रोफिलांचं प्रमाण चढतं. ‘ताणाने प्रतिकारशक्ती घटते’ हे वाक्य मुलं पाठ करून येतात. मला ते अर्धवट वाटतं. थोडक्या ताणात पेशी बहुतांशी जागा बदलतात. ताण लांबला तर मात्र खरी घट होते.

खरी उलथापालथ बघायची तर भैरवमाशात. हिंगोलीत पाऊस लागला की कयाधूकाठच्या शिवारात डबक्याडबक्यांतून ते वळवळतात. मग पावसाचा खंड पडतो. पाणी आटू लागलं की कित्येक जातींच्या भैरवमाशांच्या मेंदूतून सीआरएच नावाचं संप्रेरक सुटतं. त्याच्या इशाऱ्यावर थायरॉइडचं संप्रेरक आणि कॉर्टिकोस्टेरॉन दोन्ही वाढतात आणि पिल्लू घाईने बेडूक होतं. (थायरॉइड खाऊ घालून अकाली, इवले बेडूक करण्याचा प्रयोग गुडरनाच यांनी 1912 मध्येच प्रसिद्ध केला होता.) या घाईत शेपटीइतकंच आणखी काही मोडीत निघतं. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकावर लुईझ रोलिन्स-स्मिथ यांनी बरंच काम केलं आहे. रूपांतराच्या वेळी त्याच्या थायमसमधल्या आणि प्लीहेतल्या लिम्फोसाइट मोठ्या संख्येने मरतात, आणि त्यामागे कॉर्टिकोस्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉनच्या गटातली संप्रेरकं, असतात. बेडकाची नवी प्रथिनं जुन्या पेशींना परकी वाटून त्यांनी घरातच हल्ला करू नये, म्हणून ही छाटणी असावी. मालक बदलला की जुना राखणदार काढतात तसं. नवा येईपर्यंत धुऱ्यावर आलेलं नखाएवढं पिल्लू जवळजवळ उघडं असतं. आपल्या सोयाबीनवरच्या फवारण्याही बहुधा याच आठवड्यांत येतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये विच्छेदन बंद केलं, ते बरंच झालं. आधीच्या पट्ट्या कपाटात उरल्या आहेत. त्या काळी बेडूक आदल्या संध्याकाळी ओल्या पोत्यातून यायचे, रक्त दुसऱ्या दिवशी निघायचं. रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन मिनिटांत चढतं. पेशींचं गुणोत्तर बदलायला बेडकात कित्येक तास, कधी दिवस लागतात. म्हणजे धरल्या धरल्या घेतलेलं रक्त शिवाराची हकिकत सांगतं, उशिरा घेतलेल्यात पोत्यातली रात्र मिसळते. पट्ट्यांवर जात आहे, लिंग आहे, तारीख आहे. बेडूक कधी धरला आणि रक्त कधी काढलं, हे एकीवरही नाही. शिकवायला त्या उत्तम आहेत. बेडकाच्या तब्येतीचा दाखला म्हणून मी त्या कुणाला देणार नाही.