सोपारा ते तलासरी : सायकलवरची विजेची शिदोरी

सायकलवरून लांबचा प्रवास म्हटला की पंक्चरचे सामान, हवेचा पंप आणि भाकरी-चटणी एवढी तयारी पूर्वी पुरत असे. आता त्यात फोन, वायरी, दिवे आणि पॉवर बँक यांचे एक वेगळे गाठोडे आले आहे. गेल्या हिवाळ्यात सोपाऱ्याच्या स्तूपाला वंदन करून डहाणू-तलासरीपर्यंत जायचे आणि वाटेत ओळखीच्या बौद्ध कुटुंबांना भेटायचे, असे आम्ही पाच जणांनी ठरविले. तेव्हा या गाठोड्यात काय घ्यावे यावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली.

ही वाट फार जुनी आहे. नाशिकच्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हे लेणे त्याने भिक्खुसंघाला दान दिले. सोपाऱ्याला प्रवाशांसाठी निवारा बांधल्याचा आणि दाहनुका नदीसह सहा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्याचा उल्लेख त्याच लेखात आहे. दाहनुका म्हणजे आपली डहाणूची नदी. सुमारे १९०० वर्षांपूर्वी वाटसरूला लागत होते ते उतरायला होडी, प्यायला पाणी आणि रात्रीला छप्पर. आज त्यात फोन चार्ज करायच्या जागेची भर पडली, इतकेच.

दिव्यांवर मात्र आमच्यात वाद झाला नाही. आमच्या वडिलांच्या सायकलला बाटलीच्या आकाराचा डायनामो होता, ६ व्होल्ट, ३ वॅटचा. टायरला घासून तो फिरे आणि सायकल जड चाले. चाक थांबले की दिवा विझे. रात्रपाळीहून परतताना रेल्वे फाटकाशी ते अंधारातच उभे राहत. म्हणून प्रत्येकाने पुढे पांढरा आणि मागे लाल, असे स्वतःच्या बॅटरीवर चालणारे दोन दिवे घ्यायचेच, असे ठरले. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आपल्याला रस्ता दिसणे जितके गरजेचे, त्याहून ट्रकवाल्याला आपण दिसणे अधिक गरजेचे.

नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घेतला. आपण कुठे आहोत हे फोनला उपग्रहावरून कळते, त्यासाठी नेटवर्क लागत नाही. रोज एकाच फोनवर नकाशा चालवायचा आणि बाकीचे बंद ठेवायचे, असा नियम केला. कारण नेटवर्क कमजोर असले की फोन ते शोधत राहतो आणि चार्जिंग झपाट्याने उतरते. पॉवर बँका पाच जणांत दोन घेतल्या, दहा हजार एमएएचच्या. हिशेबाने अशा एका पॉवर बँकेतून पाच हजारांचा फोन दोनदा भरायला हवा. पण काही वीज उष्णतेत व फेरफारात जाते, म्हणून जेमतेम दीड वेळा धरावे. सौर पट्टी घरी ठेवली, चालत्या सायकलवर तिला सरळ ऊन क्वचितच मिळते. गाण्यांचा स्पीकरही ठेवला, मागून येणारी गाडी कानाला कळली पाहिजे.

पहिला दिवस मनोरमार्गे सुखाने गेला. दुसऱ्या दिवशी चारोटीहून धुंदलवाडीकडे निघालो. नोव्हेंबर २०१८ पासून याच भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि त्या थंडीत लोक घराबाहेर, तंबूत झोपले. उशाशी टॉर्च ठेवण्याची सवय अनेक घरांत तेव्हाचीच.

आमच्यातला सर्वांत धाकटा नियम विसरला. नकाशाची पाळी त्याची नसताना दिवसभर नकाशा, फोटो, गाणी, सारे त्याच्या फोनवर चालू. पुढचा दिवा चार्ज करायचाही राहिला होता, म्हणून अंधार पडल्यावर त्याने फोनचाच टॉर्च हँडलला बांधला. उतारावर फोन बंद पडला आणि सायकल खड्ड्यात गेली. गुडघा फुटला. आम्ही पुढे निघून गेलो होतो, आम्हाला पत्ताच नाही.

एका वारली मावशीने त्याला अंगणात बसवले, जखम धुतली आणि आपला बटणांचा फोन पुढे केला. "कोणाला लावायचा, सांग." पोराला एकाचाही नंबर पाठ नव्हता. आमचेच काय, आईचासुद्धा नाही. सारे नंबर त्या बंद फोनात.

आमच्यातील निवृत्त काका टॉर्च घेऊन माघारी गेले, तेव्हा पाऊण तासाने तो सापडला. पोरगा रडला तो गुडघ्यासाठी नव्हे. "काका, आईचा नंबर मला येत नाही," एवढेच म्हणत राहिला. आम्ही चौघांनी मनातल्या मनात आपापल्या घरचा नंबर आठवून पाहिला. दोघांना आला.

मावशीच्या पाड्यात तेव्हा वीज गेलेली होती. तिचा फोनही संपत आला होता. आमची एक पॉवर बँक रात्रभर तिच्याकडे ठेवली आणि सकाळी घेतली. त्या दिवशी आमचे दोन फोन बंद राहिले, काही बिघडले नाही.

तलासरी तालुक्यातील झरीला १९४५ च्या मे महिन्यात वारली बांधवांनी वेठबिगार नाकारली. त्या सभेची खबर पाड्यापाड्यांत पायी पोचली होती. माणसाने माणसाला निरोप दिला, म्हणून ती पोचली. यंत्राने हे काम सोपे केले आहे, पण आपल्या डोक्यातून ते काढून घेऊ नये.

आता आमच्या यादीत शेवटी एक वस्तू वाढली आहे. तिला वीज लागत नाही. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर घरचे व सोबत्यांचे नंबर, रक्तगट आणि ११२ हा मदतीचा क्रमांक. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो सीटखाली बांधावा. वाचकहो, सायकल नसली तरी आजच रात्री जेवणानंतर मुलांना जवळ बसवा आणि आईचा नंबर पाठ करून घ्या.

जय भीम!