तळटीप झाकू नये

ग्वाल्हेरला आमच्या मंडळीत मी बायबलचा अभ्यासवर्ग घेते. वर्ग हिंदीत चालतो, तयारी मात्र मराठीत होते. उतारा आधी सलग, मोठ्याने वाचायचा. मग दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवून फरक दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. तळटिपा शेवटपर्यंत वाचायच्या. भाष्यग्रंथ त्यानंतर उघडायचे.

मार्कच्या सोळाव्या अध्यायापाशी या रीतीचा कस लागतो. चौथ्या शतकातली सिनाई आणि व्हॅटिकन ही दोन्ही हस्तलिखितं आठव्या वचनाशी थांबतात. रिकामी कबर पाहून स्त्रिया भीतीने पळतात, कोणाला काही सांगत नाहीत, आणि शुभवर्तमान संपतं. पुढची बारा वचनं नंतर जोडली गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. वर्गात हे सांगितलं की कोणीतरी विचारतंच, "हे शोधून काढणाऱ्यांना देवाची प्रेरणा होती, असं कसं म्हणायचं?" प्रश्न रास्त आहे. ज्या वचनांच्या आधारावर माणसाने आपल्या घरातलं मरण सोसलेलं असतं, त्यांना कोणी हात लावला की तो दचकणारच.

मी त्यांना लूकची पहिली चार वचनं काढायला सांगते. आपल्याआधी अनेकांनी हा वृत्तान्त लिहिला, आपण सगळ्याचा मुळापासून शोध घेतला आणि मग तो क्रमाने मांडला, असं लूक तिथे सांगतो. मंडळी ज्याला देवप्रेरित मानते, तो लेखकच चौकशी करून लिहिणारा आहे. पवित्र आत्म्याने त्याच्या चौकशीतूनच काम केलं. मग तो आत्मा लूकपाशीच थांबला, असं का धरायचं?

मराठी माणसाला हे जड जाऊ नये. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीतले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. वारकऱ्यांनी त्यात ग्रंथाचा अवमान पाहिला नाही. खुद्द ज्ञानदेवांनी नाथांना स्वप्नात दर्शन दिलं, अशीच परंपरा सांगते. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि 1922 मध्ये निधन होईपर्यंत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणत राहिल्या. पोप बारावे पायस यांनीही 1943 मध्ये कॅथलिक अभ्यासकांना मूळ भाषा आणि प्राचीन लेखनप्रकार यांच्या अभ्यासाची वाट मोकळी करून दिली.

तरी पंडितांचं प्रत्येक मत म्हणजे देववाणी नव्हे. योहानाचं शुभवर्तमान दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातलं, असं एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडित बाउर यांचं मत होतं. 1935 मध्ये इजिप्तमधल्या पपायरसचा एक लहानसा तुकडा प्रसिद्ध झाला. त्यावर योहानाच्या अठराव्या अध्यायातल्या काही ओळी आहेत. तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला असावा असं बहुतेकांनी ठरवलं आणि बाउर यांचं मत मागे पडलं. चिकित्सेची चूक चिकित्सेनेच सुधारली.

म्हणून माझं मत असं: शास्त्राचा मान शास्त्रालाच राहू द्यावा, अभ्यासकाचा निष्कर्ष त्याच्या जागी बसवू नये. पण आवडतं मत बाजूला ठेवून पुराव्यापुढे मान तुकवण्याचं बळ देवाकडूनच येतं, असं मी श्रद्धेने मानते. आपल्या बायबलात तळटीप असेल तर ती झाकून पुढे जाऊ नका. वाचा, मंडळीत मोठ्याने विचारा, आणि प्रार्थना करताना ज्यांनी ती लिहिली त्यांचीही आठवण ठेवा.