आईचा रुपया

माझी आई तेंदूपत्ता तोडायची. मे महिन्यात पहाटे अंधारातच बायांसोबत जंगलात निघायची आणि दुपारी डोक्यावर पानांचा भारा घेऊन परतायची. 1991 च्या हंगामात चुकाऱ्याच्या पैशांत तिला एक रुपयाचे नाणे मिळाले. त्यावर बाबासाहेब होते. जन्मशताब्दीनिमित्त सरकारने काढलेले, 1990 साल घातलेले ते नाणे. ज्या माणसाने 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्याचाच चेहरा रुपयावर आला होता. आईला हे काही ठाऊक नव्हते. तिला अक्षरही वाचता येत नव्हते. पण चेहरा ओळखता आला. घरात मिठाला पैसे नसायचे असेही दिवस आले, पण तो रुपया तिने मोडला नाही. आजीचा भोकाचा पैसा आणि दोन ढब्बू पैसे असलेल्या डबीत तो ठेवून दिला.

पुढे मी बी.कॉम. झालो, कारकून झालो, चळवळीच्या कामात पडलो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. 13 एप्रिलच्या रात्री मनात आले, उद्या जयंती, आईचा रुपया काळवंडला आहे, चकचकीत करून फोटोपुढे ठेवू. चिंचेच्या पाण्यात तो भिजवला, मग भांड्यांची पावडर लावून चांगला घासला. नाणे चमकले. सकाळी आईच्या हातावर ठेवले. तिने ते उजेडात धरले, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "कायले घासलास रे बाबू? चेहरा गेला ना."

खरेच होते. गालावर, चष्म्यावर बारीक ओरखडेच ओरखडे. तीस वर्षे तिने जपलेले मी अर्ध्या तासात घालवले. रुपयाचा हिशेब मला कळत होता, धातू कळत नव्हता.

नंतर रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना विचारले. ते म्हणाले, नाण्यावरचा तपकिरी किंवा काळपट रंग म्हणजे मळ नव्हे. हवेच्या संपर्काने धातूवर बसलेला तो पातळ थर असतो आणि बहुधा तोच आतल्या धातूला सांभाळतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतील आम्ल हा थर खाते, मग धातूलाही लागते. राख, टूथपेस्ट, पितळ चमकवायचे पॉलिश यांत बारीक कण असतात, ते खरवडतात. घासलेल्या नाण्याला संग्राहकही कमी किंमत देतात.

मग काढायचे काय? फक्त वरून चिकटलेले तेल, हाताचा चिकटा, गोंद. आणि नरम प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षे ठेवल्याने चढणारा हिरवट चिकट थर. यासाठी शुद्ध ॲसिटोन चालते. ते चिकटा विरघळवते, धातूला हात लावत नाही. नेलपॉलिश काढायचे द्रावण नको, त्यात रंग, वास आणि तेल मिसळलेले असते. रॉकेल मागे तेलकटपणा ठेवते. दुकानातल्या थिनरमध्ये काय काय मिसळले आहे ते कळत नाही. पेट्रोलचे तर नावच काढू नका.

सरांसमोर मी डबीतली उरलेली नाणी स्वच्छ केली. धूळ आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडवली, नाणी पूर्ण सुकवली. मग काचेच्या वाटीत, नाणे बुडेल इतकेच ॲसिटोन. प्लास्टिकची वाटी घेऊ नये, काही प्लास्टिक त्यात विरघळते. काही मिनिटांनी बांबूच्या चिमट्याने नाणे उलटवायचे, मग दुसऱ्या ताज्या ॲसिटोनमध्ये बुडवून काढायचे आणि मऊ कापडावर आपोआप सुकू द्यायचे. पुसायचे नाही. धरायचे ते कडेने.

माता-भगिनींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ॲसिटोन पटकन पेट घेते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत किंवा गॅसपर्यंत पोहोचते. म्हणून हे काम उघड्या अंगणात, विस्तव, दिवा आणि विडीपासून लांब करावे. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

सरांनी आणखी एक सांगितले. 1939 साली विदर्भातच तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. आपल्या जुन्या चांदा जिल्ह्यातही तशी नाणी मिळाली आहेत. त्यांवरच्या झिजक्या अक्षरांवरून राजांची नावे जुळवता आली. कोणी ती चिंचेने घासली असती तर नावेच गेली असती. तेव्हा धानाच्या बांधीत जुनी नाणी सापडली तर धुऊ नका, घासू नका. 1878 च्या कायद्याप्रमाणे तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.

संध्याकाळी आजीचा भोकाचा पैसा आईला दाखवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 पासून निघालेला तो पैसा. चिकटा गेला होता, रंग तसाच तपकिरी होता. आई म्हणाली, "हा नाही चमकला."

म्हटले, "नाही आई. चमकवायचाच नव्हता."

"बरं केलंस," म्हणाली आणि तो डबीत ठेवला, ओरखडलेल्या रुपयाशेजारी.

त्या रुपयावरचे ओरखडे आता कोणत्याच द्रावणाने निघायचे नाहीत. 1990 चा तो रुपया किंवा 125 व्या जयंतीनिमित्त 2015 साली निघालेले दहा रुपयांचे नाणे आपल्याही घरी कोणी जपले असेल. येत्या 14 एप्रिलला ते जसे आहे तसेच फोटोपुढे ठेवा.