उत्तर कुणाला दिलं होतं?

उत्तर हाती लागतं, पण प्रश्न कुणाचा होता ते कळत नाही. जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्याला ही अडचण रोजचीच. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन जणांनी तीन प्रश्न विचारलेले असतात आणि मामा खाली नुसतं ‘हो’ लिहून मोकळे होतात, तशातलाच प्रकार. फरक इतकाच, की ‘हो’ साडेसातशे वर्षांपूर्वीचं असलं तर मामांना फोन लावता येत नाही.

मी महानुभाव पोथ्यांचे पाठ लावते आणि राहते फलटणला, तेव्हा विषय शोधत फार लांब जावं लागलं नाही. पंथाच्या लेखी हे गाव दक्षिण काशी. पंथ ज्यांना ईश्वराचे अवतार मानतो त्या पंचकृष्णांपैकी चक्रपाणी, म्हणजे चांगदेव राऊळ, इथलेच. इथून घर सोडून ते माहूरला गेले आणि पुढे द्वारावतीत सूप-खराटा घेऊन रस्ते झाडत राहिले, अशी कथा आहे. चैत्रात घोड्याची यात्रा भरते तेव्हा आबासाहेब मंदिराच्या वाटेवर पावलोपावली ‘दंडवत प्रणाम’ ऐकू येतो. यात्रेला येणाऱ्या बऱ्याच जणांना पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींची सूत्रं पाठ असतात. सूत्र कुठल्या प्रसंगी आलं, असं विचारलं की मात्र त्यांच्यातही वाद लागतो, आणि तो वाद माझ्या कामाचा असतो.

चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते जे बोलले ते समोरच्या कुणाला तरी उद्देशून: बाइसांना, भटोबासांना, महदाइसांना. महदाइसा तर प्रश्नांसाठीच ओळखल्या जातात. या आठवणी म्हाइंभटांनी ज्याच्या त्याच्याकडून विचारून गोळा केल्या आणि शके १२०० च्या, म्हणजे इ.स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र उभं राहिलं. मग केसोबासांनी स्वामींची वचनं निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. पाठांतराला तो फार सोयीचा. पण निवडताना उत्तरं तेवढी उचलली गेली आणि प्रश्न लीळेतच, म्हणजे मूळ प्रसंगातच, राहिले. एखादी आज्ञा सगळ्या भिक्षूंना आहे, की त्या दिवशी समोर बसलेल्या एकट्या आजारी माणसाला, याचा निकाल सूत्राच्या शब्दांवरून कसा लावणार?

पंथाला ही उणीव जाणवली होती. म्हणूनच ‘प्रकरणवश’ नावाचा प्रकार आला. अमुक सूत्र कुठे, कुणाला, कशावरून निरूपिलं, एवढंच तो सांगतो. म्हणजे तुटलेलं उत्तर पुन्हा आपल्या प्रश्नाला नेऊन बांधतो. मला तो सूत्रपाठाइतकाच मोलाचा वाटतो. असं म्हटलं की काही मंडळी माझ्याकडे चमकून बघतात, ती गोष्ट वेगळी.

केसोबासांच्याच दृष्टांतपाठात ही काळजी आधीपासून घेतलेली दिसते. ११४ दृष्टांत, प्रत्येकाची तीन अंगं: सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक. आंधळे हत्ती चाचपतात, कान हाती आलेला म्हणतो सूप, पाय हाती आलेला म्हणतो खांब, हा दृष्टांत त्यातलाच. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केसोबासांचं. कोण कुठे थांबलं आणि कोण कुठे बोलू लागलं, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. संकलकाने आपलं स्पष्टीकरण स्वामींच्या वाक्यात बेमालूम मिसळून टाकलेलं नाही.

पण खरी कसोटी लागली ती लीळाचरित्राच्या बाबतीत. खालशाच्या, म्हणजे सुलतानी फौजेच्या, धाडीत मूळ पोथी गेली आणि मग ज्यांना मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा लिहून काढली, असं परंपरा सांगते. हिराइसांचा पाठ एक, परशरामबासांचा दुसरा, रामेश्वरबासांचा तिसरा. आठवणी जुळेनात. अशा वेळी एखाद्या हुशार संपादकाने सगळ्यांचं सार काढून एकच गुळगुळीत पाठ केला असता. पोथ्यांत तसं झालं नाही. लीळा सांगून झाली की तिथेच ‘शोधु’ किंवा ‘वासना’ अशी खूण करून निराळी आठवण नोंदलेली सापडते, पुष्कळदा नावासकट. मतभेद ग्रंथाबाहेर गेला नाही, आणि ज्या वाक्याबद्दल तो होता त्या वाक्यापासूनही दूर गेला नाही.

छापील पानात हे साधणं अवघड. वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या आवृत्तीशिवाय आमचं पान हलत नाही, तेव्हा तक्रार कुणा संपादकाबद्दल नाही. पण तळटीप ही जागाच अशी, की तिथे गेलेल्या माणसाचा आवाज बसतो. वर छापलेला पाठ खरा आणि खालचा चुकार, असं वाचक न सांगता धरून चालतो.

उत्तराखाली उत्तर रचण्यात धोकाही आहे. पाणिनीच्या सूत्रावर कात्यायनाचं वार्तिक, त्यावर पतंजलीचं महाभाष्य, त्यावर कैयटाचा प्रदीप, त्यावर काशीतल्या आपल्या नागोजीभट्ट काळे यांचा उद्द्योत, आणि उद्द्योतावर त्यांचेच शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांची छाया! सहाव्या पायरीवर पोचेपर्यंत पाणिनी काय म्हणाला होता हे पुन्हा उघडून पाहावं लागतं. यहुद्यांच्या तालमुदाने यावर पानाच्या मांडणीतूनच तोड काढली. व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्गने १५२० ते १५२३ या काळात तालमूद छापला, त्यात मूळ मजकूर मधोमध, एका बाजूला राशी नावाच्या पंडिताची टीका, दुसऱ्या बाजूला तोसाफोत नावाच्या टिपा. टीकाकार कितीही वाढले तरी मूळ डोळ्यांसमोरच राहतं. लीळाचरित्रातले शोधही असेच, दोन-चार ओळींचे आणि लीळेला लगटून. शोधावर शोध चढत गेलेला माझ्या वाचनात क्वचितच आला. मला ही उथळ पण रुंद मांडणी पायगुंड्यांपर्यंत उतरणाऱ्या जिन्यापेक्षा जास्त पसंत आहे.

आता पोथ्या संगणकावर चढवायच्या म्हणून तरुण मंडळी येतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, शोध किती आत सरकवून दाखवायचा? मी म्हणते, कितीही सरकवा, किंवा अजिबात सरकवू नका. प्रत्येक नोंदीला तीन गोष्टी मात्र लागतील: बोलणारा कोण, ते कुठल्या वाक्याबद्दल, आणि हे कुठल्या पोथीत. दुसरी गोष्ट सुटली तर बाकीच्या दोन असून उपयोग नाही.

घोडं अडतं ते पुढे. एखाद्या शोधाचं म्हणणं असतं, की ही घटना या गावची नव्हे, पुढच्या मुक्कामावरची. मग तो या लीळेचा की त्या? संगणकवाले सांगतात, एका नोंदीला वडील एकच असतात. मी म्हणते, हिराइसांना तुमचा हा नियम ठाऊक नव्हता. सध्या अशा शोधाला आम्ही दोन्ही लीळांचे दुवे देतो, आणि दोहोंतला मुख्य कुठला ते लिहीत नाही.