पाच इंचांचा जॉर्ज

लिव्हरपूलला माझी धाकटी बहीण राहते. तिच्या निमित्ताने गेल्या उन्हाळ्यात त्या गावी पंधरा दिवस मुक्काम घडला. मराठीच्या प्राध्यापकाने तिथे जाऊन पाहावे तरी काय, असा मला प्रश्न पडला होता. पण बरोबर सोळा वर्षांची कन्या असली की बापाने प्रश्न पाडून घ्यायचे नसतात. पहिल्याच दिवशी तिने मला मर्सी नदीकाठी नेऊन चार ब्राँझच्या पुतळ्यांपुढे उभे केले. २०१५ साली बसवलेले हे ‘बीटल्स’ चांगले माणसाहून मोठे आहेत. त्यांच्याकडे मान वर करूनच पाहावे लागते.

दुसऱ्या दिवशी मॅथ्यू स्ट्रीट. बोळ अरुंद, पण गर्दी आपल्या तुळशीबागेची! इथल्याच ‘कॅव्हर्न’ नावाच्या तळघरात ही मंडळी गात असत. मूळचे तळघर १९७३ साली बंद झाले. आज दिसते ते १९८४ साली नव्याने बांधलेले. तिथून परतताना जुन्या वस्तूंच्या एका दुकानात शिरलो, आणि काचेच्या कपाटात तेच चौघे पुन्हा भेटले. या खेपेस मात्र मान खाली घालून पाहावे लागले.

अमेरिकेतल्या रेम्को कंपनीने १९६४ साली काढलेले हे बाहुले. उंची जेमतेम पाच इंच, अंगात काळे सूट, डोकी धडाच्या मानाने भलतीच मोठी आणि त्यांवर दाट केसांचे टोप. पुढे शेर, मायकेल जॅक्सन, स्पाइस गर्ल्स, आणि २०१९ मध्ये कोरियाचे बीटीएस अशा कितीतरी गायकांचे बाहुले निघाले. पण त्या वेडाची मोठी लाट उसळली ती या चौघांच्या काळात.

त्यातला व्यवहारही ऐकण्याजोगा आहे. बीटल्सच्या नावाने माल विकण्याचा परवाना देण्याचे काम एका मध्यस्थ कंपनीकडे गेले. करार असा झाला, की मिळणाऱ्या रकमेतला नव्वद टक्के वाटा मध्यस्थाचा आणि दहा टक्के बीटल्सच्या बाजूचा! कंपनीचे नाव ‘सेल्टेब’. बीटल्स या शब्दाची रोमन अक्षरे उलट्या क्रमाने लावली की हे नाव तयार होते. नावच उलटे, तिथे हिशेब सुलटा कुठून असणार?

माझी नजर खिळली ती जॉर्ज हॅरिसनवर. हा गृहस्थ १९६६ च्या सप्टेंबरात मुंबईला आला होता, पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला. कुणी ओळखू नये म्हणून त्याने मिशा राखल्या होत्या. तरी ताजमहाल हॉटेलात लोकांनी ओळखलेच. गर्दी इतकी झाली, की गुरुशिष्यांना काश्मीर गाठावे लागले. १९६८ च्या जानेवारीत तो पुन्हा मुंबईला आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन त्याने ध्वनिमुद्रण केले. कपाटातल्या जॉर्जला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याला मिशा नव्हत्या. हातात गिटार होती. आणि त्याचे पाय गुडघ्यात वाकत नव्हते; सतारीपुढे मांडी घालून तो बसणार कसा?

हे मी मोठ्या रसाने कन्येला समजावून सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, आपल्या घरीपण आहे ना असं एक. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये.”

मला क्षणभर कळेना. मग कळले. आठव्या वर्षी नाट्यगीत गाऊन तिने बक्षीस मिळवले, तेव्हाचा परकर-पोलक्यातला फोटो आम्ही तिथे ठेवला आहे. तीन वर्षांपूर्वी तिने गाण्याची शिकवणी सोडली आणि गिटार धरली. तरी पाहुणा आला की मी तो फोटो दाखवून म्हणत असे, “ते पद म्हणून दाखव बरं!” ती उठून आत जाई, आणि मी पाहुण्यांना म्हणे, “पूर्वी फार छान गायची हो!”

बाहुल्यांची किंमत मी विचारली. ऐकून दोघेही मुकाट्याने बाहेर पडलो.

फोटो अजून तिथेच आहे. काढण्याचा धीर आमच्या सौ.ला नाही, आणि मलाही नाही. पण परवा पाहुणे आले. त्यांनी फोटोकडे बोट दाखवून विचारले, “मुलगी गाते वाटतं?” आतल्या खोलीतून गिटार ऐकू येत होती. मी म्हटले, “हल्ली काय गाते, ते तिलाच विचारू या,” आणि तिला हाक मारली.